गोंदरचा राजवाडा आणि मिस्त्रीचं नाव

रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढायचे ठरल्यावर संपादक मंडळातील दोघे-तिघे माझ्याकडे आले. "काका, तुम्ही पहिले खजिनदार. सोसायटीच्या बांधकामाचा इतिहास तुम्हीच लिहायचा." मी हो म्हटले आणि चार दिवस कार्यालयात बसून जुन्या फायली चाळल्या. बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस, कागद जपून ठेवायची खोड आहेच. भूखंडाचे खरेदीखत, बिगरशेती परवानगी, मंजूर नकाशे, ठेकेदाराशी केलेला करार, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब, एवढेच काय, भूमिपूजनाच्या पेढ्यांचे बिलसुद्धा जागच्या जागी सापडले. वास्तुविशारदाचे नाव आहे, ठेकेदाराचे आहे, कर्ज मंजूर करणाऱ्याचे आहे. उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावे तर जिन्यापाशी संगमरवरात कोरलेली आहेत, ती आपण रोज बघतो.

एक नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही. विटेवर वीट ठेवून ज्याने ही इमारत प्रत्यक्ष उभी केली, त्या मिस्त्रीचे.

फायली बांधून ठेवल्या आणि मला आठवण झाली ती गोंदरची. बांधकामाचे आकडे मी सचिवांच्या हवाली केले आहेत, त्यांचा लेख या अंकात आहेच. मी मात्र त्या दूरच्या राजवाड्याविषयी लिहिणार आहे. त्याचा आपल्या इमारतीशी काय संबंध, ते वाचता वाचता कळेल.

गोंदर हे गाव इथिओपियात, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत हबसाणात. (परत आल्यावर तळमजल्यावरचे एक स्नेही म्हणाले, "काय हो, गोंदियाला कोण आहे तुमचं?") माझे जावई शेतकी पदवीधर. आधी तळेगावला गुलाबाच्या पॉलिहाउसवर होते, तिथून इथिओपियातल्या एका फुलशेतीवर गेले. हॉलंडला जाणारी फुले तिकडे मोठ्या प्रमाणावर पिकतात आणि त्या कामावर आपल्याकडची बरीच मंडळी आहेत. २०१५ च्या जानेवारीत मी आणि सौ. दीड महिना लेकीकडे राहिलो. आंबोळीच्या थोरल्या बहिणीसारखी दिसणारी इंजेरा खायला शिकलो. त्यांच्या पंचांगात तेव्हा २००७ साल चालू होते, त्यामुळे मी निवृत्त न होता पुन्हा नोकरीतच असल्यासारखे वाटले. तिथल्या पन्नास बिरच्या नोटेवर एका किल्ल्यासारख्या वाड्याचे चित्र होते. नोट उलटसुलट करून पाहायची सवय. मी जावयांना विचारले, "हे काय?" ते म्हणाले, "बाबा, हा गोंदरचा राजवाडा. विमानाने तासाभराचं अंतर आहे, जाऊन याच."

आम्ही गेलो.

तंबूतले राजे

आधी थोडा इतिहास. इथिओपियाच्या सम्राटांना कित्येक पिढ्या कायमची राजधानीच नव्हती. राजा, राणी, सरदार, सैन्य, पुरोहित, घोडे, खेचरे असे अख्खे शहर तंबूत राहायचे. एका जागी काही महिने मुक्काम करायचा, आसपासचे धान्य आणि जळण संपले की डेरेदांडे उचलून पुढे जायचे. आपल्याकडच्या मोगली छावणीसारखेच, फक्त ती छावणी हीच राजधानी.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुसेन्योस नावाचा सम्राट झाला. त्याच्या दरबारात पेद्रो पाएझ हा स्पॅनिश जेझुइट पाद्री वजनदार होता. हा पाएझ आला होता आपल्या गोव्याहून. पहिल्या प्रयत्नात तो वाटेत अरबांच्या हाती सापडला, सात वर्षे कैदेत राहिला, सुटून गोव्याला परतला आणि पुन्हा निघून १६०३ साली एकदाचा इथिओपियात पोचला. ताना सरोवराच्या काठी गोर्गोरा येथे त्याने सम्राटासाठी दगडी वाडा बांधून दिला. पुढे सुसेन्योसने कॅथलिक पंथ स्वीकारला. प्रजा आपल्या जुन्या ऑर्थोडॉक्स धर्माला घट्ट धरून होती. बंडे झाली, रक्तपात झाला, आणि अखेर १६३२ मध्ये सुसेन्योसने मुलासाठी गादी सोडली.

हा मुलगा म्हणजे फसिलिदस. त्याने जुना धर्म पुन्हा स्थापन केला आणि पाद्र्यांना देशाबाहेर काढले. त्यांचा मुख्य धर्माधिकारी आफोन्सो मेंदेस शेवटी गोव्यातच येऊन राहिला आणि तिथेच १६५६ साली वारला. १६३६ च्या सुमारास फसिलिदसने गोंदर ही कायमची राजधानी केली आणि दगडी राजवाड्याला हात घातला.

पाद्री गेले, पण त्यांच्या काळात आलेली एक वस्तू फसिलिदसने ठेवून घेतली. ती वस्तू म्हणजे चुना.

तोवर तिकडे भिंतीत दगड बसवायला चिखलाचा गारा वापरत. चुन्याचा दगड कोणता, तो भाजायचा कसा, हे तिथल्या कारागिरांना ठाऊक नव्हते. मानुएल दे आल्मेइदा या पाद्र्याने त्या काळाचा इतिहास लिहून ठेवला आहे. त्यात तो सांगतो की १६२० नंतरच्या काही वर्षांत हिंदुस्थानातून आलेल्या एका जाणकार माणसाने तिथला एक हलका, किडक्यासारखा दिसणारा दगड ओळखला आणि त्यापासून चुना करून दाखवला. चुना आल्यावर भिंती उंच जाऊ लागल्या, कमानी वळू लागल्या, घुमट उभे राहू लागले.

गंमत पाहा, तो प्रदेशही आपल्यासारखाच काळ्या दगडाचा आहे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यांचे पठार तीनेक कोटी वर्षांपूर्वीच्या. राजवाड्याच्या भिंतीवर हात ठेवला तेव्हा मला आमच्या गावच्या वाड्याची आठवण झाली. लहानपणी तिथे पडकी भिंत बांधताना चुन्याची घाणी पाहिली होती. गोल चरात दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. आजोबा म्हणायचे, चुना जितका मळाल तितकी भिंत जगेल.

थोरला वाडा

या राजवाड्याच्या आवाराला 'फसिल गेब्बी' म्हणतात. बँकेत असताना तारण मालमत्तेची पाहणी करायची म्हणजे आधी चतुःसीमा आणि क्षेत्रफळ. त्या सवयीने मी तेच आधी विचारले. सभोवार सुमारे नऊशे मीटर लांबीचा तट, त्याला बारा दरवाजे. आतले क्षेत्र सुमारे सत्तर हजार चौरस मीटर, म्हणजे सतरा एकरांच्या वर. आपला भूखंड अडतीस गुंठ्यांचा. आपल्यासारख्या अठरा सोसायट्या आत बसतील. आणि एक वाडा नाही, अनेक वाडे. १९७९ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

आमच्याबरोबर तिथला एक तरुण गाइड होता. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "माझ्या वडिलांना गणित शिकवायला इंडियन मास्तर होते," तो म्हणाला. एके काळी आपल्याकडचे हजारो शिक्षक इथिओपियातल्या गावोगावच्या शाळांत होते, त्यांची पुण्याई आम्हाला अशी उपयोगी पडली.

फसिलिदसचा वाडा सगळ्यांत थोरला. चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, प्रत्येकावर अंड्यासारखा घुमट, वर कंगोऱ्यांचा कठडा. एका बाजूने चौकोनी टेहळणीचा मनोरा वर गेलेला. त्याच्यासकट उंची सुमारे बत्तीस मीटर. भिंती ओबडधोबड काळपट-तपकिरी दगडाच्या, दारा-खिडक्यांच्या कमानींना मात्र तांबडा दगड. लांबून पाहिले तर युरोपातला किल्ला वाटतो, जवळ गेलो की घुमट आणि गच्ची पाहून आपल्याकडचे काहीतरी ओळखीचे दिसते.

तळमजल्यावर जेवणाची दालने आणि भेटीगाठींचा दिवाणखाना. काही दारांवर दगडात सहा कोनांची चांदणी खोदलेली आहे. सॉलोमन राजाच्या वंशातले आपण, असे तिथले सम्राट मानत, त्याची ती खूण. एका लहान खोलीत जुन्या लाकडी तुळयांचे छत अजून शिल्लक आहे. पहिल्या मजल्यावर राजाची प्रार्थनेची खोली. तिला चारी दिशांना खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून शहरातले एकेक महत्त्वाचे चर्च दिसावे अशी योजना. देवदर्शन घरबसल्या! गच्चीवर धार्मिक समारंभ होत आणि तिथूनच राजा प्रजेशी बोलत असे. त्याच्या वर राजाची निजायची खोली आणि सर्वांत वर टेहळणी. हवा स्वच्छ असली तर तिथून ताना सरोवरापर्यंत दिसते म्हणतात.

सौ.ने मात्र एकच प्रश्न लावून धरला होता. "अहो, स्वयंपाकघर कुठंय? आणि पाणी?" गाइडने आम्हाला मागच्या बाजूला नेले. तिथे घुमटाकार छताच्या स्वयंपाकघराचे अवशेष, पाणी साठवायचा दगडी हौद आणि वाफेच्या स्नानाची जागा आहे. हौद पाहून तिचे समाधान झाले. राजा असला तरी टाकी हवीच.

१६४८ साली येमेनचा एक वकील, अल-हैमी त्याचे नाव, फसिलिदसच्या दरबारी आला होता. हा वाडा पाहून तो थक्क झाला आणि दगड-चुन्याच्या या भव्य इमारतीचे वर्णन त्याने लिहून ठेवले. बांधणारा हिंदुस्थानी होता, हेही त्यानेच नोंदवले. तिथल्या परंपरेत त्या कारागिराचे नावही सांगतात. अब्दल करीम. सुसेन्योसचा दांकाझ येथील वाडाही त्याच्याच हातचा म्हणतात.

गाइडने ते नाव उच्चारले आणि सहज पुढच्या खोलीकडे वळला. मी तिथेच उभा राहिलो. पावणेचारशे वर्षे झाली. परमुलखातला माणूस, परधर्माचा, कामासाठी आलेला. राजाच्या नावाशेजारी त्याचे नाव आजही एक गाइड घेतो.

बापाच्या वाड्याशेजारी लेकाचा वाडा

आवारात पुढे चालत गेलो की एकेक पिढी भेटते. बापाच्या वाड्यात राहण्यापेक्षा शेजारी स्वतःचे काही उभारावे, ही हौस तिथे प्रत्येकाला होती.

फसिलिदसचा मुलगा पहिला योहान्नेस (१६६७ ते १६८२) धार्मिक वृत्तीचा. त्याने ग्रंथालय आणि दप्तरखाना बांधला. ग्रंथालयाची दुमजली इमारत अजून उभी आहे. पुस्तके मात्र नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकात तेवोद्रोस या सम्राटाने गोंदर लुटले आणि इथल्या चर्चमधली हस्तलिखिते आपल्या मग्दाला किल्ल्यावर नेली. १८६८ साली इंग्रजांनी मग्दाला जिंकले आणि त्यांतली बरीच लंडनला गेली. ती इंग्रजी मोहीम निघाली होती आपल्या मुंबईहून, सोबत हिंदी शिपाई आणि चव्वेचाळीस हत्ती घेऊन. म्हणजे गोंदरला चुना शिकवणारेही आपल्याकडचे, आणि गोंदरची पुस्तके नेणाऱ्या फौजेचे ओझे वाहणारेही आपल्याकडचेच. खतावणीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात, त्यातला हा प्रकार.

योहान्नेसचा मुलगा पहिला इयासू (१६८२ ते १७०६) सर्वांत पराक्रमी. त्याच्या वाड्याचे छत खोगिरासारखे, अर्धगोल कमानीचे होते. आत हस्तिदंताचे काम, व्हेनिसचे आरसे, छताला सोनेरी रंग असा थाट सांगतात. पोन्से नावाचा फ्रेंच वैद्य १६९९ मध्ये या राजावर उपचार करायला आला होता, त्याने इथला दरबार डोळ्यांनी पाहिला. १७०४ च्या भूकंपाने वाड्याला तडे गेले. दोन वर्षांनी इयासूचा शेवट झाला, तो त्याच्याच मुलाच्या बाजूच्या लोकांकडून. आज त्या वाड्यात शिरलो की वर छत नाही, आभाळ दिसते. आरशांच्या जागी भिंतीत नुसते कोनाडे.

पुढचा दावित (१७१६ ते १७२१). याला गाण्याची आवड, म्हणून त्याने खास गायनशाळा बांधली. पाच वर्षांत विषप्रयोगाने गेला. त्याच्यामागून आलेल्या बकाफ्फाने (१७२१ ते १७३०) लांबलचक मेजवानीचे दालन आणि घोड्यांच्या पागा बांधल्या. हा राजा वेष पालटून राज्यात फिरायचा अशा गोष्टी सांगतात. असाच एकदा प्रवासात आजारी पडला, तेव्हा ज्या मुलीने त्याची शुश्रूषा केली तिच्याशीच त्याने लग्न केले, अशी कथा आहे. ती राणी मेंतेवाब.

बकाफ्फा वारल्यावर मुलगा लहान, म्हणून मेंतेवाबने कारभार हाती घेतला. तिचा आवारातला वाडा सर्वांत नेटका. बाहेरच्या भिंतीवर दगडात क्रूस कोरलेले आहेत. आवारातला हा शेवटचा मोठा वाडा. नंतर शहराबाहेरच्या टेकडीवर कुस्क्वाम येथे तिने आणखी एक वाडा आणि चर्च उभारले. मुलगा गेला, नातू इयोआस गादीवर आला आणि १७६९ मध्ये मिकाएल सेहुल या सरदाराने त्याचा खून करवला. तिथून पुढे १८५५ पर्यंत सम्राट नावाचे आणि सत्ता सरदारांची. आपल्याकडे सातारच्या छत्रपतींची उत्तरकाळात झाली, तशीच काहीशी अवस्था.

खुनानंतर दुसऱ्याच वर्षी जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी गोंदरला आला. त्याने लिहिले आहे की थोरल्या वाड्याचा बराच भाग आगीने पडका झाला होता, तरी खालचे दोन मजले राहण्याजोगे होते आणि दरबाराचे दालन एकशेवीस फुटांहून लांब होते. वरचे मजले गेले, तरी खालचे सुमारे सव्वाशे वर्षे टिकले होते. राजे एकमेकांचे खून पाडत होते आणि करीमचा चुना आपले काम करत होता.

१८८८ मध्ये सुदानच्या महदी फौजेने गोंदर जाळले. १९३६ मध्ये इटालियन आले, त्यांनी या वाड्यांत आपले ठाणे केले. १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांची पूर्व आफ्रिकेतली शेवटची फौज गोंदरलाच शरण आली. त्या लढाईत इंग्रजी विमानांच्या बॉम्बनी आवारातल्या इमारतींचे आणखी नुकसान झाले. इटालियनांनी काही वाड्यांची डागडुजी केली खरी, पण ती सिमेंटने. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट मानवत नाही. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. म्हणून पुढे दुरुस्ती करताना ते सिमेंट काढून पुन्हा चुनाच भरला गेला. आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून सर्वसाधारण सभेत झालेली भांडणे ज्यांना आठवतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

१९ जानेवारीला तिम्कात म्हणजे तिथला ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला फसिलिदसचे स्नानगृह म्हणून एक मोठा चौकोनी तलाव आहे, मध्ये दुमजली महाल. एरवी तो कोरडा असतो. सणासाठी काहा नदीचे पाणी आणून भरतात. पहाटे पांढऱ्या वस्त्रांतले हजारो लोक काठावर जमले होते. पाण्याला आशीर्वाद दिल्याबरोबर तरुण मुलांनी धडाधड उड्या घेतल्या. सौ. म्हणाली, "अगदी रामकुंड." मला वाटले, आवारातल्या वाड्यांना तिकीट काढून माणसे भेट देतात, पण हे बांधकाम अजून वापरात आहे. लोकांनी वापरले म्हणून जिवंत राहिले.

एक हबशी आणि एक हिंदी

परतीच्या विमानात मला मलिक अंबर आठवला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी गाव वसवले, तेच पुढे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. त्याने केलेली नहर-ए-अंबरी, डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी योजना, तिच्या काही भागांतून कित्येक पिढ्या पाणी प्याल्या. अंबर १६२६ मध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच्या मायदेशी एक हिंदी कारागीर राजवाडा उभारत होता. त्यांच्या माणसाने आपल्याला शहर दिले, आपल्या माणसाने त्यांना राजवाडा दिला. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. पण दोन्ही मुलखांनी परक्याचे नाव जपले.

आणि इथेच मला आपल्या इमारतीकडे वळावे लागते.

२००१ साल. बांधकाम जोरात होते. बँक सुटली की मी रोज संध्याकाळी साइटवर चक्कर मारत असे. तो मिस्त्री मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. डोक्याला टॉवेल, खिशात ओळंबा, हातात थापी. बायको आणि दोन मुलांसह आता जिथे आपली स्कूटर स्टँडची शेड आहे तिथे पत्र्याच्या खोपटात राहायचा. बी विंगच्या जिन्याची एक भिंत अर्ध्या इंचाने कलली म्हणून त्याने स्वतःहून पाडून पुन्हा बांधली होती. ठेकेदार ओरडला, त्याने ऐकून घेतले आणि बांधली.

एकदा तो मला म्हणाला, "साहेब, तुमच्या बँकेत माझं खातं काढून द्या ना. पैसे जवळ ऱ्हात नाहीत."

मी म्हटलं, "रेशनकार्ड आण, दोन फोटो आण. आणि ओळख देणारा एक खातेदार लागतो."

"रेशनकार्ड गावाकडं हाय. वळख तुमीच द्या की."

मी हसलो. म्हणालो, "बघू. आता मार्चअखेर आहे, क्लोजिंग झालं की ये."

क्लोजिंग झाले. शेवटचा स्लॅब पडला, गिलावा झाला, आणि एक दिवस ते पत्र्याचे खोपट जागेवर नव्हते. माणसे दुसऱ्या साइटवर गेली होती.

त्या काळच्या अर्जावर एक ओळ असायची. 'अर्जदारास मी इतक्या वर्षांपासून ओळखतो', आणि खाली सही. मी त्याला चौदा महिने रोज पाहत होतो. सही करायला अर्धा मिनिट लागले असते. पण खरी गोष्ट अशी की ती सही मी करू शकलो नसतो, कारण अर्जाची पहिली ओळ नावाची असते आणि त्याचे नाव मी कधी विचारलेच नव्हते. सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्री म्हणत होतो. खाते निघाले असते तर ते नाव माझ्याच हाताने वहीत चढले असते, आणि आज फायली चाळताना मला सापडले असते. चूक ना बँकेची, ना ठेकेदाराची. माझी.

पंचवीस पावसाळे झाले. जिन्याच्या त्या भिंतीला आजवर तडा नाही.

सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. सुरुवातीच्या काळात आपल्यापैकी पुष्कळजण बांधकाम बघायला यायचे. काहींनी स्लॅबच्या दिवशी फोटो काढले होते, काही वहिनींनी त्याच्या बायकोला मुलांचे कपडे दिले होते, हे मला आठवते. कोणाला त्याचे नाव, गाव किंवा मुलांची नावे आठवत असतील तर कृपा करून कार्यालयात कळवावे. जिन्यापाशीच्या संगमरवरी पाटीवर पाहुण्यांच्या नावांखाली दोन ओळींची जागा मोकळी आहे. मी मोजून पाहिली आहे.